बारशाआधी

पगार झाला तसा इरप्पा गिरणीतून थेट शेजारच्या बजाबाईच्या खोलीवर आला. बायको बाळंतपणात गेल्यापासून त्याचं तान्हं पोर दिवसभर बजाबाईच सांभाळायची. “चाळीत पोर सांभाळायचं दोन रुपयं देत्यात. तुमाला किती देऊ, वैनी?” त्याने खाली बघत विचारलं. “दोन लई झालं,” ती म्हणाली. पोर तिच्या पदराखाली लुचत होतं. मागच्या महिन्यात तिचं स्वतःचं बाळ देवीच्या साथीत गेल्याचं त्याला ठाऊक होतं. दुधाचा हिशेब मात्र त्याने केलाच नव्हता. “आन् दुधाचं?” त्याने विचारलं. बजाबाईने पोरावरचा पदर सारखा केला. “दुधाचं पैसं नगं, भावजी. मी ह्याला मल्लू म्हनते. आमच्या पोराचं नाव हाय. तेवढं म्हनू द्या.” इरप्पाच्या पोराचं बारसं अजून झालं नव्हतं. त्याने दोन रुपये कोनाड्यात ठेवले. “उद्या मल्लूला लवकर आनतो,” एवढंच तो म्हणाला.