मुळासकट

ऋजुताने मातीने माखलेला कंद, त्याची नाजूक वेल आणि तिला लोंबणारं एकुलतं एक फूल वर्तमानपत्रावर अलगद ठेवलं. शेजारच्या मैत्रिणीने खाली हाक दिली, "सर, जरा पाय उचला. ऋजुताबाईंनी तुमचं कंदीलपुष्प काढलंय."

वनस्पतिशास्त्राचे सर ही दुर्मीळ वेल या डोंगरावर कित्येक वर्षं शोधत होते. जिला सापडेल तिला एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हाच विषय, असं त्यांनी सकाळी बसमध्ये कबूल केलं होतं. ऋजुताला तो हवाच होता.

सर धापा टाकत वर आले. "बाकीच्या वेली कुठे आहेत?"

"ही एकच होती, सर."

"अगं, मग उपटलीस कशाला?"

"मुळाशिवाय नमुना आणला की तुम्ही मार्क कापता."

सगळ्या वर्गाने दुपारपर्यंत उतार पिंजून काढला, पण दुसरी वेल मिळाली नाही. शेवटी सरांनी नमुने दाबून वाळवायच्या फळ्या पुढे केल्या. "घे, दाबून ठेव. विषय तुझाच."

ऋजुताने फळ्या घेतल्या नाहीत. कंद उचलून ती, मघा जिथून तो काढला होता त्या कपारीपाशी गेली, बोटांनी माती उकरली आणि तो पुन्हा लावला. सरांनी आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

"जगेल ना, सर?"

"सांगता येत नाही. मेली तर वेलही गेली आणि नमुनाही. तुझ्या हाती काहीच राहणार नाही, कळतंय ना?"

"हो, सर," म्हणत ती वेलीभोवती दगड रचू लागली.