हिमालयाला कात्री

दर रविवारी दुपारी डोंबिवलीतल्या आपल्या हॉलमध्ये सहदेव आणि कलावती तंबू उभारत. पंखा पाचवर ठेवला की कापड असं फडफडायचं, की आत बसल्या बसल्या दोघांना समोर बर्फाची शिखरं दिसू लागत. मग सहदेव वही काढून हिमाचलच्या ट्रेकचा खर्च आणखी थोडा कमी करायचा. नऊ वर्षांत त्याने विमानाऐवजी रेल्वे आणली, हॉटेलची धर्मशाळा केली, पोर्टर काढून टाकला आणि दुपारच्या जेवणाच्या जागी मेथीचे लाडू लिहिले.

"अहो, जूनमध्ये मला साठ पूर्ण होतील," या रविवारी कलावती म्हणाली. "ट्रेकवाले साठीनंतर घेत नाहीत. यंदा नाही तर कधीच नाही."

"अगं, जाऊच की! फक्त अजून अकरा हजार जास्त होतायत. आता कात्री कुठे लावावी तेच कळत नाही."

निळ्या कापडातून झिरपणारा उजेड दोघांच्या तोंडावर पहाटेसारखा पडला होता. कलावतीने वही मागून घेतली, दोन मिनिटं पाहिली आणि परत दिली.

"एक माणूस कमी केला की बसतंय."

सहदेवने वही छातीशी धरली. एवढा मोठा त्याग त्याने स्वतःहून कधी मागितला नसता.

"पण कला, तुला इथे एकटीला करमेल का गं?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते," कलावती म्हणाली. "माझं रिझर्वेशन कालच झालंय."