डाव्या हाताची मूठ

“मूठ डावी की उजवी, एवढं आज सांगा. म्हणजे मागणी पाठवते,” विजयमाला मॅडम म्हणाल्या.

“डावी,” बबनराव म्हणाले.

“उजवी,” राखी म्हणाली.

बापलेकीचा आवाज एकाच वेळी निघाला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

वाशिमच्या बाहेर, नेमबाजीच्या क्लबात, टेबलावर दोन पिस्तुलं ठेवली होती. दोन्ही क्लबची, दोन्ही पॉइंट टू टूची. पाच वर्षं राखीनं हवेच्या पिस्तुलावर काढली होती. त्याला परवाना लागत नाही. आता मोठ्या स्पर्धेसाठी तिचं स्वतःचं पहिलं खरं पिस्तूल यायचं होतं. परवान्याचं काम झालं होतं. राहिली होती ती निवड.

“रिकामा चाप ओढू नको,” मॅडम म्हणाल्या. “आधी खोटी गोळी घाल. पॉइंट टू टूची पिन कडेवर आपटते, नळीची कड खराब होते.”

राखीनं एकेक पिस्तूल उचलून पाहिलं. पहिलं हलकं होतं, पण तोंड डुलत होतं. दुसऱ्याचं वजन पुढं होतं. तिनं हात लांब केला आणि ते भिंतीतल्या खुंटीसारखं स्थिर राहिलं.

“हेच,” ती म्हणाली.

पिस्तूल दहा मिनिटांत ठरलं. घोडं अडलं ते मुठीपाशी. ही नेमबाजी एका हाताची. लाकडी मूठ तळहाताच्या मापाची येते, आणि डाव्याची मूठ उजव्याला चालत नाही.

“मॅडम, डावीच लिहा,” बबनराव म्हणाले. “पोरगी मूळची डेबरी हाय.”

“डावखुरी? पाच वर्षांत मला कधी दिसलं नाही, काका.”

“दिसन कसं?” ते म्हणाले.

“बाबा, राहू द्या ना,” राखी हळूच म्हणाली.

त्या ‘राहू द्या’नं बबनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी अजून आपल्याला सांभाळून घेते आहे, असं त्यांना वाटलं. मागच्या वर्षी तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली, तेव्हा त्यांचं सारं गाव, सारं केनवड म्हणालं, नशीब. ते दोन गुण कुणी खाल्ले, हे बबनरावांना ठाऊक होतं.

अठरा वर्षांपूर्वी ते फौजेतून सुट्टीवर आले होते. फौजेत हुकूम ऐकायचे आणि घरी आले की द्यायचे, असा त्यांचा खाक्या. आसेगावला पुतण्याचं लग्न होतं. राखी आणि साधना तेव्हा सहा वर्षांच्या. जुळ्या, सारखे फ्रॉक, सारख्या वेण्या. पंगतीत वधूकडचं कुणीतरी मोठ्यानं बोललं, “फौजीची पोरगी डेबऱ्या हातानं जेवून राह्यली! अशा घरात लक्ष्मी टिकन काय?” पंगत हसली. बबनरावांनी मान वर केली नाही.

त्यांची बायको गोजराबाई मागं आवराआवरीला थांबली. बबनराव पोरींना घेऊन केनवडला आले आणि दारातच कडाडले, “कोण होती?”

एक पोर पुढं झाली. “मी,” म्हणाली.

त्यांनी उलथनं तापवलं आणि तिच्या डाव्या तळहातावर टेकवलं.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई आली. पोरीचा हात पाहून तिनं एकच विचारलं, “इले काहून?”

“डेबरी हाय म्हणून,” ते म्हणाले. गोजराबाईनं तोंडाला पदर लावला. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

त्यानंतर सुट्टीवर आलं की पोरी ओळखायला सोपं जायचं. डाग असलेली ती राखी. हे आठवलं की बबनरावांना स्वतःची किळस यायची. राखी उजव्या हातानं जेवायची, लिहायची, आणि त्या उजव्या हाताकडं बघायचं बाप टाळायचा. साधना अकोल्याला नर्स होती. घरी आली की बापाला ताट वाढायची आणि स्वतः मागून आईबरोबर बसायची. गुणाची पोर, असं ते चारचौघांत सांगत. राखीबद्दल मात्र त्यांना चारचौघांत बोलवत नसे.

“बरं, डाव्या हातानं मारून तर पाहू,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी क्लबचं डाव्या मुठीचं पिस्तूल आणलं.

राखीनं पाच गोळ्या झाडल्या. दोन कागदाच्या कडेला लागल्या, तीन मागच्या मातीत गेल्या.

“हे काही खरं नाही, काका.”

“सवय मोडली, मॅडम. म्या मोडली.” बबनरावांनी राखीचा डावा हात धरला आणि उलटा केला. तळहातावर बोटभर लांब, चकचकीत डाग होता. “हे पाहा. सहा वर्षांची होती. चार लोकं हासले म्हणून म्या लेकराले डाग देल्ला. मले तोंड दाखवाले जागा नाही, मॅडम. हा हात राह्यला असता तं पोरगी आज कुठच्या कुठं असती.”

बबनरावांनी पोरीपुढं हात जोडले.

“राखी, तुह्या हातचं म्या हिसकलं. आज तरी परत घे, माय. महिनाभर सराव कर, वर्षभर कर, मी रोज घेऊन येतो. पन डावी मागव.”

राखीनं पिस्तूल रिकामं केलं, तोंड मातीच्या बांधाकडं करून खाली ठेवलं. मग बापाचे जोडलेले हात तिनं सोडवले.

“डावी नका मागवू, बाबा,” ती म्हणाली. “डेबरी साधना हाय. तुमी ‘कोण होती’ म्हनून कडाडले तवा ते मागं उभी राहून कापून राह्यली होती, म्हनून मी पुढं आली.”