उभी गाडी

खुब्याचं हाड मोडल्यापासून आईची गाडी जागची हलली नव्हती. उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून दुकानदाराने दोन चार्जर पुढे ठेवले.

"हा स्वस्त, पण बॅटरी भरली की आठवणीने काढावा लागतो. हा आपोआप थांबतो, लागेल तेव्हा पुन्हा सुरू होतो. खुशाल लावून ठेवा."

"हाच द्या," काठी टेकत आई म्हणाली.

मुलगा वैतागला. "कशाला उगाच? गाडी विकायचं ठरलंय ना! चावीपण माझ्याकडेच आहे."

"ठरलंय ते तुझं. चावी ठेव जपून. कॉलेजात असताना मी चावी लपवली, की तू ज्याच्याकडून दुसरी करून आणायचास ना, तो चावीवाला अजून तिथेच बसतो. काल चालत जाऊन आले."