मेंढ्याचा कान

लाचखोरीच्या आंतरराष्ट्रीय तपासात बाबांचं नाव आलं, मंत्रिपद गेलं, आणि आम्ही कझाकस्तानच्या राजधानीतून, अस्तानाहून, गावी आजोबांकडे गेलो. मेंढ्याच्या उकडलेल्या डोक्याचं मानाचं ताट नेहमी मीच मिरवत आणते; त्या रात्रीही आणलं. ज्याचे वडील हयात आहेत त्यानं ते घ्यायचं नसतं, पण मंत्री झालेल्या मुलासाठी आजोबा रीत मोडायचे. "ठेव गं साहेबांपुढेच," काकू म्हणाली, "सवय आहे त्यांना घ्यायची." एरवी मी खो-खो हसले असते. बाबांनी ताट आजोबांकडे सरकवलं. आजोबांनी मेंढ्याचा कान कापला. तो घरातल्या लहानाला मिळतो, त्यानं मोठ्यांचं ऐकावं म्हणून, म्हणजे मलाच. मी ओंजळ पुढे केली, पण आजोबांनी तो बाबांच्या हातावर ठेवला. "दौरबेक, उद्या चौकशीत सगळं खरं सांगून टाक." बाबा कितीतरी वेळ त्या कानाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो खाल्ला. चावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.