राखलेला दगड

दवनीवाड्याजवळच्या एका तलावाचा गाळ काढताना काळा दगड निघाला. त्यावर पानाचा ठसा होता, शिरांसकट. तो पाहायला आलेली भूगर्भशास्त्रज्ञ रेणू दगडापुढे गुडघ्यांवर बसली आणि एकेक शीर निरखत राहिली. मग म्हाताऱ्या सुशीलाबाईंना आणि जमलेल्या गावकऱ्यांना तिनं एवढंच विनवलं, "माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचं हे पान आहे. न्यायची परवानगी घेऊन येते. तोवर याला जिवापाड जपा."

परवानगी मिळेपर्यंत पावसाळा सरला. ती परतली तेव्हा दगड तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, नव्या ओट्यात सिमेंटनं पक्का बसवलेला होता. त्यावर तेल-शेंदराचा जाड थर. फक्त एका कडेला, बोटभर जागेत, देठाजवळच्या शिरा उघड्या होत्या.

"हे काय केलंत, सुशीलाबाई?"

"तुमी गुडघे टेकले ना, तवाच समजलो आमी," म्हातारी म्हणाली. "इतकी शिकलेली बाई उगाच कायले टेकन?"

रेणूनं त्या कडेवर तळहात ठेवला. "एवढं तरी राहू द्या."

"राहूच देलं ना मॅडम. तिथं शेंदूर लावू देला नाही कोनाले."

सुशीलाबाईंनी पदराखालून नारळ काढून तिच्या हातात दिला. मागे अख्खं गाव चपला काढून उभं होतं.

"नारळ फोडाची जागा हाय ते. पयला तुमचाच. तुमचीच वाट पाहून राहिलो आमी."