यंत्रातली खोट

“तुझ्या मेलची घंटी काही वाजत नाही गं, ठमे,” बाबा फोनवर म्हणाले. “स्पीकर खोलून पाहिला, तारा पाहिल्या. सगळं ठणठणीत आहे.”

दुपारचे दोन वाजले होते. ऑफिसातल्या टेबलावर तिचा डबा अर्धा तसाच पडला होता. “चुकून आवाज बंद झाला असेल,” ती म्हणाली. “मी तर दर रविवारी पाठवते.” म्हणाली खरी, पण शेवटचा मेल कधी पाठवला हे तिलाच आठवेना.

“बटण दाबलं की तेच जुनं वाचतंय. तुझं नवं घर, तुझा गळका नळ. पाठ झालंय मला.”

“अडकलं असेल, बाबा. कुणाला तरी दाखवा.”

“म्हणजे माझे कान गेले असं नाही ना म्हणत? अगं, तुझी आई पलीकडच्या खोलीत मनातल्या मनात बोलते, तेही ऐकू येतं मला.”

ती हसली, काम आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. उतारवयात नजर गेली. घंटी वाजली की ते चाचपत एक बटण दाबायचे आणि कॉम्प्युटर मेल वाचून दाखवायचा. आई त्या यंत्राच्या वाटेला कधी गेली नाही.

पाचव्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दारात उभा राहिला. बाबांनीच त्याला बोलावून ठेवलं होतं. ते गेल्याचं कळलं तसा तो ओशाळून परत निघाला.

“आलाच आहात तर बघून जा,” आई म्हणाली. “शेवटचे आठ दिवस ह्याच्याच मागे होते ते.”

तो बसला. बाबांनी खोलून पुन्हा जोडलेला स्पीकर त्याने उलटसुलट करून पाहिला. एकही स्क्रू सैल नव्हता. मग तो पडद्याकडे वळला. लेक दाराशी उभी होती. तिला तिथून हलवेना.

“बिघाड नाहीच,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “जाहिरातींनी कान किटले म्हणून काकांनी माझ्याकडून घंटी एकाच पत्त्याला लावून घेतली होती. तिकडून चार महिन्यांत काही आलेलंच नाही. वाजणार कशी? फोनवर मी म्हणालोही त्यांना, मेल आलाच नसेल.”

“मग?” आईने विचारलं.

“रागावले माझ्यावर. म्हणाले, पोरगी पाठवते म्हणाली म्हणजे पाठवतेच. खोट यंत्रात आहे, येऊन शोध.”

आईने तिच्याकडे पाहिलं. “वाटेत हरवतात का गं असे मेल?”

“हरवतात कधीकधी,” तो हत्यारं आवरत म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

तिने नुसती मान डोलावली असती, तरी विषय तिथेच मिटला असता.

“हरवले नाहीत, आई,” ती म्हणाली. “मी पाठवलेच नव्हते. बाबांशी खोटं बोलले मी.”